रोमन वस्तीत अँग्लो-सॅक्सन कबरी: कत्तल, वारसा की योगायोग?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये रोमन हमरस्त्यालगतच्या वस्त्या खणल्या की त्यांच्या अवशेषांत किंवा अगदी शेजारी अँग्लो-सॅक्सन, म्हणजे रोमन राज्य गेल्यानंतरच्या पाचव्या ते सातव्या शतकांतली, दफनं सापडतात. मग उत्तर समुद्रापलीकडून आलेल्या सॅक्सन टोळ्यांनी वस्ती उद्ध्वस्त करून तिथेच आपली माणसं पुरली का? की माणसं तीच, फक्त पोशाख बदललेला? आणि पुरायला नेमकी तीच जागा का?

मी इंग्लंडमध्ये रेल्वे, रस्ते, घरबांधणी यांच्या आधी जी उत्खननं करावी लागतात त्यांवर काम करते. हा प्रश्न साइट पाहायला आलेले गावकरीही हमखास विचारतात, आणि त्यांना कत्तलीचंच उत्तर हवं असतं. ते देण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: वस्ती ओस कधी पडली आणि पहिली कबर कधी खणली गेली? मधला काळ कुठे शून्य असतो, कुठे एक-दोन पिढ्यांचा, कुठे अडीचशे वर्षांचा. हा काळ ठरला की तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप सुटतात. तो ठरवणं मात्र जिकिरीचं आहे, म्हणून आधी जागेकडे पाहू.

केंटमधलं स्प्रिंगहेड घ्या. लंडनहून कँटरबरीकडे जाणारा रोमन रस्ता, ज्याला पुढे वॉटलिंग स्ट्रीट म्हणू लागले, तो इथे एब्सफ्लीट नावाच्या छोट्या नदीच्या उगमाजवळून जातो. रोमन मार्गसूचीत या ठिकाणाचं नाव व्हॅग्निआकिस, रोचेस्टरपासून नऊ रोमन मैल. झरे रोमनांच्या आधीपासून पवित्र मानले जात होते. इ.स. 43 मध्ये रोमन फौजा आल्या, रस्ता झाला आणि झऱ्यांभोवती देवळं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबट घरं, लोहारांच्या भट्ट्या, पावाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. तटबंदी नाही, आखीव चौक नाहीत. रस्ता जाईल तशी पसरलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पोट भरणारी वस्ती. 1950 आणि 60 च्या दशकांत इथल्या देवळांचा समूह खणला गेला आणि पुढे लंडन ते चॅनल टनेल या वेगवान रेल्वेच्या निमित्ताने फार मोठं क्षेत्र उघडलं. एका देवळाच्या चार कोपऱ्यांत तान्ह्या बाळांची दफनं होती, त्यांतल्या दोघांची डोकी धडावेगळी. त्यांचं पुढे येईलच.

रोमन काळात मोठ्यांची दफनं मात्र वस्तीच्या बाहेर होत. रोमच्या बारा पाट्यांच्या जुन्या कायद्यातच नगराच्या आत प्रेत पुरायला किंवा जाळायला बंदी होती आणि ही रीत प्रांतोप्रांती गेली. म्हणून रोमन काळात कबरी गावाबाहेर रस्त्याकडेला. स्प्रिंगहेडची दफनभूमी पेपर हिल नावाच्या उंचवट्यावर सापडली, पाचशेहून अधिक कबरींची. तान्ह्या बाळांना हा नियम लागू नव्हता. ती घरात, अंगणात, भिंतीलगत पुरली जात. तेव्हा वस्तीच्या ऐन मध्यावर, एखाद्या घराच्या जमिनीतून आरपार गेलेली प्रौढ माणसाची कबर दिसली की खणणारा लगेच सावध होतो. हे काम बहुधा नंतरच्या लोकांचं, ज्यांच्या लेखी इथे ‘गाव’ उरलंच नव्हतं.

आता काळ ठरवण्याची अडचण. रोमन वस्तीतली माती म्हणजे खापरं, खिळे, कौलांचे तुकडे आणि नाणी यांनी ठासून भरलेली माती. त्यात सहाव्या शतकात कोणी खड्डा खणला, प्रेत ठेवलं आणि तीच माती परत लोटली, तर त्या कबरीच्या भरावात काय सापडेल? शंभर टक्के रोमन खापरं! अंगावर दागिने नसतील, सोबत वस्तू नसेल, तर अशी कबर बिनदिक्कत ‘रोमन’ म्हणून नोंदली जाते, आणि जुन्या अहवालांत अशा नोंदी भरपूर आहेत. भरावातलं खापर फक्त एवढंच सांगतं की कबर त्या खापराच्या नंतरची आहे. किती नंतरची, ते सांगत नाही.

म्हणून आम्ही कबरीतल्या वस्तूंपेक्षा आधी कबरीच्या कडा पाहतो. यंत्राच्या बिनदाती बादलीने वरची माती काढली की जमीन फावड्याने हलक्या हाताने तासायची. रोमन रस्त्याचा पृष्ठभाग खडी आणि चकमकीच्या गोट्यांनी धुमसलेला असतो. त्यात मधेच जेमतेम माणूस मावेल एवढा लांबट आयत दिसतो, जिथे गोटे विस्कटलेले आहेत आणि माती किंचित मऊ, किंचित गडद आहे. ऊन चढलं की तो दिसेनासा होतो. पाणी शिंपडलं किंवा सकाळी दव असताना पाहिलं तर पुन्हा उठून येतो. हा आयत रस्त्याच्या थराला कापून गेला असेल तर कबर रस्त्याच्या नंतरची. कापल्यावर खड्ड्यावर पुन्हा खडी टाकून डागडुजी झाली आहे का, हेही बघायचं. झाली असेल तर रस्ता तेव्हा वापरात होता आणि त्याची काळजी घेणारं कोणीतरी होतं. ती बहुतेक वेळा झालेली नसते.

दुसऱ्या टोकाला, वस्ती कधी संपली हे ठरवणंही तितकंच कठीण. ब्रिटनला नव्या रोमन नाण्यांचा मोठा पुरवठा 402 च्या सुमारास थांबला. मोठ्या मातीभांड्यांच्या भट्ट्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडल्या. आता समजा एखादं कुटुंब 430 पर्यंत त्याच घरात राहिलं. त्यांच्याकडे झिजलेली जुनी नाणी, जुनीच भांडी, बाकी सगळं लाकडाचं आणि चामड्याचं. त्यांची ती तीस वर्षं आम्हाला जवळजवळ दिसतच नाहीत. ‘शेवटचं नाणं 395 चं, म्हणजे वस्ती 400 ला ओस पडली’ असं वाचलंत तर त्यावर विश्वास ठेवू नका. नाणं बंद झालं आणि माणूस निघून गेला या दोन वेगळ्या घटना आहेत.

रेडिओकार्बन, म्हणजे हाडातल्या कार्बनवरून वय काढायची चाचणी, आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे, पण साधारण 425 ते 550 या काळात त्याचा आलेख जवळजवळ सपाट होतो. म्हणजे 440 चं हाड आणि 540 चं हाड यांतला फरक एकट्या चाचणीतून काढणं मुश्कील, आणि आपल्याला नेमका तोच काळ हवा असतो. मग अनेक कबरींच्या चाचण्या, कोणती कबर कोणतीला कापते याचा क्रम आणि दागिन्यांच्या घडणीचा क्रम एकत्र करून सांख्यिकी पद्धतीने तारखा आवळाव्या लागतात. याच पद्धतीने कबरीत वस्तू ठेवण्याची प्रथा इंग्लंडमध्ये 670 ते 680 च्या आसपास फार झपाट्याने संपली, हे आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे.

एवढं पाहून मग खऱ्या जागा शेजारी शेजारी ठेवा. वॉरिकशरमधलं वॉस्परटन, एव्हन नदीच्या खोऱ्यातलं. ही रस्त्याकडेची वस्ती नव्हे, शेतीची जागा. पण 1980 च्या दशकात तिथली दफनभूमी जवळजवळ पूर्ण खणली गेली, म्हणून ती फार मोलाची. चौथ्या शतकात रोमन पद्धतीने पुरायला सुरुवात झाली आणि त्याच आवारात सातव्या शतकापर्यंत माणसं पुरली जात राहिली. मधेच पद्धत बदलते, दहनं येतात, ब्रोच (कपडे अडकवायच्या धातूच्या शोभिवंत पिना) आणि भाले येतात. जागा मात्र सुटत नाही. इथे मधला काळ शून्य. नव्याने आलेल्यांना, किंवा नवं वळण घेतलेल्यांना, इथे आधी कोण पुरलं आहे ते ठाऊक होतं.

एसेक्समधलं ग्रेट चेस्टरफर्ड थोडं पुढचं. रस्त्यांच्या संगमावरचं हे रोमन गाव चौथ्या शतकात तटबंदी बांधण्याइतकं वाढलं. 1953 ते 1955 मध्ये, रेती-खडी काढण्याआधी, तटाबाहेर 161 दफनं आणि 33 दहनं खणली गेली. सुरुवात पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, म्हणजे गाव थंडावल्याला फार तर एक-दोन पिढ्या. तट उभाच असणार. या जागेची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट दागिन्यांत नाही. अँग्लो-सॅक्सन दफनभूमींत तान्ह्या मुलांची हाडं फार क्वचित मिळतात, आणि इथे अर्भकं आणि बाळं मोठ्या संख्येने आहेत. जिथे लढवय्यांची टोळी येऊन आपले मेलेले पुरून पुढे जाते, तिथली दफनभूमी अशी नसते. इथे घरं होती, बाळंतपणं होत होती, पोरं दगावत होती.

आणि स्प्रिंगहेड. तिसऱ्या शतकापासूनच तिथल्या देवळांना उतरती कळा लागली होती. अँग्लो-सॅक्सन कबरी आहेत त्या सातव्या शतकाच्या सुमाराच्या. मधे दोनशेहून जास्त वर्षं. कत्तल व्हायला तिथे गावच उरलं नव्हतं. त्याच खोऱ्यात खाली, नॉर्थफ्लीटला, भरतीच्या पाण्यावर चालणारी पाणचक्की सापडली. तिच्या लाकडांतल्या वाढीच्या वलयांवरून ती 692 च्या आसपासची ठरते. म्हणजे खोरं तेव्हा पुन्हा चांगलं गजबजलेलं होतं, पण तो संसार नवा होता.

हे तीन प्रकार ‘रोमन वस्तीवर सॅक्सन कबरी’ या एकाच वाक्यात कोंबले जातात, आणि तिथेच घोळ होतो.

कत्तलीची कल्पना मुळात आली कुठून? सहाव्या शतकात गिल्डास नावाच्या ब्रिटन धर्मोपदेशकाने सॅक्सन आक्रमणाचं रक्तबंबाळ वर्णन केलं. त्याला राज्यकर्त्यांच्या पापांचा पाढा वाचायचा होता आणि सॅक्सन म्हणजे त्याच्या मते देवाने दिलेली शिक्षा. दोन शतकांनी बीड नावाच्या इंग्रज ख्रिस्ती साधूने त्याच्याच आधारे इतिहास लिहिला आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी तोच गिरवला. मातीत याला दुजोरा मिळायचा तर जळालेले थर, न पुरलेली प्रेतं, घाईघाईत केलेले सामूहिक खड्डे दिसायला हवेत. रस्त्याकडेच्या वस्त्यांमध्ये सहसा दिसतं ते वेगळंच: छपरं कोसळलेली, भिंतींचे दगड कोणीतरी निवांतपणे काढून नेलेले, वर पाचोळा आणि गाळ साचत साचत झालेला गडद मातीचा थर.

लोक पुरावा म्हणून मुंडकी उडवलेले सांगाडे दाखवतात, म्हणून बकिंगहॅमशरमधलं फ्लीट मार्स्टन सांगते. एकमन स्ट्रीट या रोमन रस्त्यावरची वस्ती. एचएस2 या नव्या वेगवान रेल्वेसाठी खणताना तिथे सुमारे 425 दफनं निघाली, आणि त्यांतल्या साधारण दहा टक्के जणांचं डोकं धडावेगळं करून पायांमध्ये किंवा पायांशी ठेवलेलं. वर्तमानपत्रांनी काय मथळे दिले असतील ते सांगायला नको. पण ही दफनं रोमनच आहेत. रोमन काळाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या ग्रामीण भागात ही रीत अनेक ठिकाणी दिसते. काही गुन्हेगार असतील, काहींच्या बाबतीत तो मृत्यूनंतरचा विधी असेल. मानेच्या मणक्यांवर सुरीच्या बारीक, नेमक्या खुणा पुढून असतील तर ते मेल्यानंतर सावकाश केलेलं काम. मागून जोरकस घाव असेल तर गोष्ट वेगळी. स्प्रिंगहेडच्या त्या बाळांना तर कोणी शिक्षा दिली नसणार. यात सॅक्सनांचा काही संबंध नाही, शतकंही जुळत नाहीत.

उलट तिथून काही मैलांवर वेंडोव्हरला, त्याच रेल्वेच्या वाटेवर, 138 कबरींची अँग्लो-सॅक्सन दफनभूमी सापडली, पाचव्या-सहाव्या शतकांतली. 89 ब्रोच, दोन हजारांवर मणी, 51 सुऱ्या, 15 भाल्यांची पाती. आणि एक 17 ते 24 वयाचा तरुण, ज्याच्या पाठीच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेलं होतं. हिंसा होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पुरणाऱ्यांनी ज्याला नीट पुरलं तो बळी त्यांच्यातलाच. त्याला कोणी मारलं ते हाड सांगत नाही.

दुसरा प्रश्न, माणसं तीच की नवी. इथे गेल्या दहा-बारा वर्षांत डीएनएमुळे चित्र बरंच स्पष्ट झालं. माझ्या पिढीतल्या अनेकांना शिकवलं गेलं होतं की मूठभर सरदार आले आणि बाकीच्यांनी त्यांची फॅशन उचलली. 2022 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात वायव्य युरोपातल्या 460 मध्ययुगीन माणसांचा जनुकीय वारसा तपासला, त्यांतली 278 इंग्लंडमधली. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमध्ये सरासरी 76 टक्क्यांपर्यंत वारसा उत्तर समुद्रापलीकडचा, म्हणजे आजच्या उत्तर जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क भागाचा निघाला. तेव्हा लोक आले, भरपूर आले आणि बायकाही आल्या. ‘फक्त फॅशन’ हे उत्तर आता टिकत नाही.

पण त्यावरून कबरीतला प्रत्येकजण परका ठरत नाही. केंब्रिजशरमधल्या ओकिंग्टनच्या चार सांगाड्यांची तपासणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली: दोन जण बाहेरून आलेल्या वारशाचे, एक स्थानिक, एक मिश्र. त्यांत मोठा क्रूसाच्या आकाराचा ब्रोच लावलेली श्रीमंत कबर स्थानिक वारशाच्या व्यक्तीची, आणि जिच्यात काहीच ठेवलेलं नव्हतं ती कबर परक्या वारशाच्या व्यक्तीची. अगदी उलटं! केंटमध्ये ईस्ट्रीजवळच्या अपडाउन इथे सातव्या शतकातली एक लहान मुलगी तर साधारण एकतृतीयांश पश्चिम आफ्रिकी वारशाची निघाली, आणि तिला पुरलं होतं आसपासच्या इतरांसारखंच. म्हणून ब्रोच पाहून ‘ही सॅक्सन’ असं म्हणताना मी मनात ‘सॅक्सन पद्धतीने पुरलेली’ असं वाचते.

आता तीच जागा का. या प्रश्नाचं एकच उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. हॉवर्ड विल्यम्स या अभ्यासकाने 1990 च्या दशकात मांडलं की अँग्लो-सॅक्सन दफनांच्या ज्ञात जागांपैकी निदान पाव भाग जुन्या अवशेषांशी जोडलेल्या आहेत, मग ते कांस्ययुगातले मातीचे ढिगारे असोत की रोमन इमारती. जिथे जमिनीवर हक्क सांगायचा तिथे जुन्या खुणेजवळ आपले पूर्वज ठेवायचे, हा त्यामागचा तर्क. मला तो पटतो, विशेषतः जिथे कबरी एखाद्या पडक्या भिंतीभोवती किंवा ढिगाऱ्याभोवती गोल फेर धरून आहेत.

पण रस्त्याकडेच्या वस्त्यांत रोजच्या व्यवहाराची कारणंही असतात. रस्ता स्वतः कित्येक शतकं चालू राहिला. गावं गेली तरी वाट राहते, आणि वाटेलगतची कबर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. शिवाय त्या जागेत नांगर चालत नाही. आपल्याकडे जुन्या गावठाणाची पांढरी शेतकऱ्याला मातीच्या रंगावरून आणि पायाखालच्या खापरांवरून बरोबर कळते. तशी या लोकांनाही पडक्या वस्तीची जमीन ओळखता येत होतीच. फक्त तिथे खाली दगडी पाये आणि खडी. पिकाला नालायक, पण सीमेवर, उंचवट्यावर आणि सगळ्यांना माहीत असलेली. कबरींची दिशा अशा वेळी बरंच सांगते. त्या रोमन खंदकाला किंवा रस्त्याला समांतर असतील तर तो खंदक तेव्हा निदान खळगा म्हणून तरी दिसत होता. सगळ्या पूर्व-पश्चिम असून खालच्या भिंतींना वाकड्यातिकड्या कापत असतील तर त्या भिंती कोणाला दिसतही नव्हत्या, आणि मग ‘जुन्या रोमन जागेचा मान’ वगैरे बोलण्यात हशील नाही. अहवालातला नकाशा उघडून हे तुम्ही स्वतः पाहू शकता. मजकुराआधी मी नेहमी नकाशाच पाहते.

त्यांना रोमन वस्तूंचं अप्रूप होतं, एवढं मात्र नक्की. स्त्रियांच्या कबरीत कमरेच्या डाव्या बाजूला कधी कधी छोट्या वस्तूंचा पुंजका मिळतो. तो मुळात कातडी किंवा कापडी बटवा; बटवा कुजून गेलेला, आतला ऐवज तसाच. तो पुंजका जागेवर उकलत नाहीत. भोवतालच्या मातीसकट ढेकूळ उचलून प्रयोगशाळेत नेतात आणि आधी क्ष-किरणांखाली धरतात. आत निघतात लोखंडी कड्या, काचेचा एखादा तुकडा, तुटक्या रोमन ब्रोचचा भाग आणि भोक पाडलेलं रोमन नाणं. नाणं झिजून गुळगुळीत, सम्राटाचं तोंडही दिसत नाही. भोकाची कड मात्र दोरीने घासून चकचकीत झालेली. ते गळ्यात घालून झालं होतं. वेंडोव्हरच्या एका स्त्रीजवळ फिकट हिरव्या काचेचा अख्खा वाडगा होता, पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास घडवलेला. तो घराण्यात जपलेला रोमन काळचा ऐवज असावा. नाणं त्यांना रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यात उकरूनही मिळालं असेल; काचेचा धड वाडगा तसा मिळत नाही, तो कोणीतरी कोणाच्या तरी हातात दिलेला असतो.

जाता जाता, याच काळातल्या श्रीमंत ब्रोचमध्ये बसवलेले लाल तामडे, म्हणजे गार्नेट, पाहिलेत तर त्यांतले बरेचसे भारत आणि श्रीलंकेतून आलेले आहेत. रासायनिक तपासणीत ते सिद्ध झालं आहे. रोमन राज्य गेलं तरी व्यापाराच्या सगळ्या वाटा बुजल्या नव्हत्या.

शेवटचा मुद्दा आमच्या धंद्यातला. आज इंग्लंडमधली बहुतेक उत्खननं विकासकाच्या खर्चाने होतात, आणि नवे महामार्ग आणि रेल्वे त्याच सोयीच्या खोऱ्यांतून जातात जिथून रोमन रस्ते गेले. स्प्रिंगहेडला रेल्वे आणि ए2 महामार्ग दोन्ही वॉटलिंग स्ट्रीटच्या सोबतीने धावतात. त्यामुळे रोमन रस्त्यालगतच्या सॅक्सन कबरी आमच्या हाती जास्त लागतात; चार मैल आत, कोणी काही बांधत नाही अशा माळावरच्या कबरी तशाच राहतात. ‘सॅक्सन लोक रोमन अवशेषांजवळच पुरत’ असं कोणी टक्केवारीसकट सांगितलं तर ती टक्केवारी कोणत्या उत्खननांतून आली, हे आधी विचारा.